वरनं करपलं, आतनं कच्चं

कोल्हापुरात चिकन भाजायचं ठरलं की वाद सुरू होतो तो मसाल्यावरून. चटणी कुणाच्या घरची, मिरची संकेश्वरी की ब्याडगी, लसूण किती घालायचा. आगीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कोळसा पेटला, जाळी ठेवली, झालं. मग तासाभरानं गच्चीवर ठरलेला संवाद ऐकू येतो: "वरनं पार कोळसा झालाय, आन् हाडाजवळ अजून कच्चंच हाय की रं!" दोष कोंबडीवर जातो, नाहीतर मसाला लावणाऱ्यावर. दोघंही निर्दोष असतात. घोटाळा उष्णतेच्या हिशेबात असतो.

हिशेब असा. भाजताना आपण एकाच तुकड्याकडून दोन कामं मागतो. वरच्या पातळ थरानं १४० अंश सेल्सिअसच्या वर जावं, कारण त्याखाली खरपूसपणा नीट येत नाही. आतल्या मांसानं मात्र ७५ ते ८० अंशांच्या आसपास थांबावं, कारण त्यापुढे ते सुकत जातं (तंगडीला यात थोडी सूट आहे, ती पुढे येईल). आणि ही दोन्ही कामं करायला आपण जे साधन वापरतो त्याचं स्वतःचं तापमान असतं ७००-८०० अंश किंवा त्याहून जास्त.

लालभडक निखारा उष्णता पाठवतो ती मुख्यतः अवरक्त किरणांनी. हे किरण मांसात खोलवर शिरत नाहीत, वरच्या थरातच शोषले जातात. तिथून पुढचा प्रवास वहनानं, म्हणजे एका थरानं शेजारच्या थराला तापवत. कच्च्या चिकनचं सत्तर-पंचाहत्तर टक्के वजन पाण्याचं असतं आणि मांसाच्या तंतूंत अडकलेलं हे पाणी उष्णता फार सावकाश आत पोहोचवतं. त्यातही जाडी दुप्पट झाली की मध्यभाग तापायला वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो. पंख झटक्यात होतो आणि तंगडीचा वरचा मांसल भाग हटून बसतो, तो यामुळे. लेगपीसला हाडापर्यंत चिरा देतात त्या मसाला मुरावा म्हणून, असं सगळे सांगतात. मसाल्यापेक्षा मोठा फायदा जाडी कमी झाल्याचा असतो.

यावर लोकांचा पहिला उपाय म्हणजे जाळी वर उचलणं. निखारे पसरून ठेवलेले असतील तर त्यानं फारसा फरक पडत नाही, कारण रुंद पसरलेल्या निखाऱ्यांवर चार बोटं वर गेलं तरी तुकड्याला चहूबाजूंनी निखारेच दिसत असतात. खरा उपाय म्हणजे निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढणं आणि दुसरी बाजू रिकामी ठेवणं. एक बाजू भाजायची, एक बाजू शिजवायची. चिकन आधी रिकाम्या बाजूला ठेवावं, जाड भाग निखाऱ्यांकडे करून, आणि त्यावर मोठं पातेलं उपडं घालावं. आत गरम हवा कोंडते आणि तुकडा सगळीकडून हळूहळू तापत जातो. आतलं मांस शिजत आलं की मग निखाऱ्यांवर न्यायचं, रंग येईपर्यंत. उलट क्रमही चालतो, पण आपल्याकडे बहुतेक जण कातडी काढूनच चिकन आणतात आणि त्यावर दह्या-मसाल्याचा ओला लेप असतो. तो लेप आधी सुकला तर पुढचं काम दोन-चार मिनिटांत होतं.

का, ते कळायला पाण्याकडे पाहावं लागेल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तुकड्याचा पृष्ठभाग जोवर ओला आहे तोवर खाली कितीही आग असो, त्याचं तापमान या आकड्यापाशी अडकून राहतं. येणारी सगळी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते, आणि तो खर्च दांडगा असतो. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त त्याची वाफ करायला लागते. पातळ दह्यात लडबडलेलं चिकन जाळीवर आधी उकडतं आणि मग भाजतं. म्हणून दही फडक्यात बांधून पाणी काढलेलं घ्यावं, आणि जास्तीचा मसाला बोटानं निपटून मगच तुकडा जाळीवर ठेवावा.

पाणी उडालं की तापमान झपाट्यानं चढतं आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप ती रासायनिक प्रक्रिया सुरू होते. मांसातली अमिनो आम्लं आणि काही विशिष्ट शर्करा एकमेकांशी जोडल्या जातात, तुटतात, पुन्हा जोडल्या जातात आणि शेकडो नवी संयुगं तयार होतात. तपकिरी रंग, भाजल्याचा वास, जिभेवरचा भरलेपणा हे सगळं त्यातून येतं. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली या प्रक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. भाकरीवरचे डाग, भाजलेली कॉफी, परतलेला कांदा, सगळीकडे हीच असते.

आणि इथेच कोल्हापुरी चटणीची गोष्ट येते. आपली कांदा-लसूण चटणी हा कच्चा मसाला नाही. उन्हाळ्यात डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, जायच्या आधी कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे, गरम मसाले असं सगळं भाजून किंवा तळून झालेलं असतं. म्हणजे मायार प्रक्रिया त्यात एकदा होऊन गेलेली आहे. तीच चटणी चिकनला चोपडून थेट निखाऱ्यांवर धरली, तर चिकनला रंग येईपर्यंत खोबरं-लसूण पुढच्या टप्प्यावर गेलेलं असतं, तो टप्पा म्हणजे कोळसा. कडूपणा येतो तो तिथून. रश्शात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे पाणी असल्यामुळे तापमान शंभराच्या आतच राहतं. तेव्हा मुरवताना आलं, कच्चा लसूण, हळद, मिरचीपूड, मीठ आणि दही एवढंच पुरे. चटणी थोड्या तेलात कालवून ठेवावी आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत ब्रशनं लावावी. चटणी पहिल्यापासूनच हवी असं म्हणणारे भांडतील. भांडू देत.

गुळाचंही तसंच. विलायती बार्बेक्यू सॉसमध्ये गोडवा असतो, आणि आपल्याकडे त्याला गुळासारखा पर्याय दारात आहे. पण गुळात साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. साधी साखर मायार प्रक्रियेत थेट भाग घेत नाही, आधी ती तुटावी लागते. ग्लुकोज-फ्रुक्टोज मात्र लगेच कामाला लागतात, आणि फ्रुक्टोज तर ११० अंशांच्या आसपासच करपायच्या वाटेला लागतं. त्यामुळे गुळाचा लेप साखरेपेक्षा लवकर आणि गडद रंग देतो, आणि लवकर जळतोही. चिंचेच्या कोळात विरघळवलेला गूळ अगदी शेवटी लावून एकदा उलटा, एकदा सुलटा करायचा आणि उचलायचं.

आता मुरवण्याबद्दल. "रात्रभर मुरवलंय, मसाला हाडापर्यंत गेलाय" हे वाक्य ऐकायला झकास आहे, पण मिरची, लसूण, गरम मसाला यांचे स्वादरेणू एका रात्रीत काही मिलिमीटरपलीकडे जात नाहीत. त्यातले बरेचसे तेलात विरघळणारे असतात आणि मांस पाण्यानं भरलेलं असतं. खरोखर आत जातं ते मीठ. त्याचे आयन लहान असतात, पाण्यातून वाट काढत ते रात्रभरात सेंटीमीटरभर शिरतात आणि तंतूंमधली काही प्रथिनं सैल करतात. सैल झालेली प्रथिनं तापल्यावर कमी आवळली जातात आणि पाणी धरून ठेवतात. एक किलो चिकनला दहा ते पंधरा ग्रॅम मीठ, आदल्या रात्री, फ्रीजमध्ये. बाकीचा मसाला तासभर आधी लावला तरी चालतो.

दह्यातलं लॅक्टिक आम्ल सौम्य असतं, म्हणून दही बिघडवत नाही. लिंबाचा भरपूर रस रात्रभर ठेवला तर वरचा थर न शिजताच गोठतो आणि खडूसारखा लागतो. कच्च्या पपईतलं पपेन हे विकर तर आणखी जोरकस. ते सगळ्यात जास्त काम करतं ६० ते ७० अंशांना, म्हणजे नेमकं चिकन तापत असताना. कोवळ्या ब्रॉयलरला पपईची गरजच नसते. लावलीच तर चमचाभराच्या वर नको, नाहीतर मांस लगदा होऊन सळईवरून गळून पडतं.

तिखटाबद्दल एक गंमत सांगतो. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेच्या ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं, तोच ग्राही ४३ अंशांच्या वरची उष्णताही ओळखतो. मेंदूला दोन्हीची खबर एकाच तारेवरून जाते. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली हा ग्राही शोधला आणि त्यासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. शेगडीवरून उतरवलेला गरम तुकडा थंड झालेल्या तुकड्यापेक्षा जास्त झणझणीत लागतो त्याचं कारण हेच. पाणी पिऊन काही होत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दही खावं.

कोळशाच्या वासाबद्दल मात्र आपला बहुतेकांचा गैरसमज असतो. लाकूड कमी हवेत तापवून त्यातले उडून जाणारे घटक काढून टाकले की कोळसा उरतो, म्हणजे जवळपास निव्वळ कार्बन. तो नीट पेटला की त्याला स्वतःचा वास फारसा नसतोच. आपण ज्याला कोळशाचा स्वाद म्हणतो तो बराचसा चरबीचा असतो. जाळीखाली लक्ष देऊन पाहा: तुकड्याच्या टोकाशी थेंब जमतो, थरथरतो, निखाऱ्यावर पडतो, चर्र आवाज होतो आणि निळसर धुराचा एक झोत सरळ वर येऊन मांसाला चिकटतो. घरात वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडतात, त्या धुंगारातही हेच घडतं. थोडा धूर चवीचा, पण थेंब जास्त पडून भडका उडाला तर काजळी चिकटते, आणि तिच्यात बेंझोपायरीनसारखी कर्करोगाशी जोडली गेलेली संयुगं असतात. मांस फार तापलं, करपलं तर आणखी एक तशाच प्रकारचा गट तयार होतो. त्यातली दिलाशाची गोष्ट अशी की आधी मुरवलेल्या आणि वारंवार उलटवलेल्या मांसात ही संयुगं कमी बनतात. भडका उडाला की तुकडा रिकाम्या बाजूला सरकवायचा. पाणी शिंपडायचं नाही, राख उडून चिकनवर बसते.

रॉकेल ओतून कोळसा पेटवणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही, पहिल्या घासाला ते त्यांना कळतं. पेटवायला वाळक्या काटक्या आणि कागद घ्यावा, आणि कोळशावर पांढरी राख येईपर्यंत अर्धा तास धीर धरावा.

धोक्याची गोष्ट पावसाची. चिकनच्या पार्ट्यांचा खरा हंगाम आखाडात, आणि आखाडात कोल्हापुरात धो धो पाऊस असतो. सर आली की शेगडी उचलून जिन्यात, नाहीतर दार लावून खोलीत आणली जाते. हे कधीही करू नये. अंधारात निखाऱ्यांवर नाचणारी निळी ज्योत दिसते ना, ती जळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची असते. जो जळत नाही तो खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि तोवर उठून दार उघडण्याचं बळ गेलेलं असतं. विझत आलेली शेगडीसुद्धा रात्री घरात ठेवायची नाही. पाऊस आला तर पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये जावं, नाहीतर गॅसवर तवा चढवावा.

शिजलंय की नाही हे रंगावरून ठरवू नये. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा असतो, त्याची हाडं कोवळी असतात आणि मज्जेतला रंग झिरपून हाडाजवळचं मांस पूर्ण शिजल्यावरही लालसर दिसू शकतं. उलट पांढरं दिसणारं मांस कच्चंही असू शकतं. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात, आणि ७४ अंशांना ते जवळपास तत्काळ मरतात. ऑनलाइन मिळणारा सुईचा डिजिटल थर्मामीटर सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा. हाड मांसापेक्षा वेगळ्या गतीनं तापतं, म्हणून ते टाळायचं. छातीचा तुकडा ७४ ला लगेच उतरवावा. तंगडी ८० च्या पुढे गेली तरी बिघडत नाही, उलट सुधारते, कारण तिच्यातलं कोलॅजन, म्हणजे मांसाला बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, तेव्हा चांगलं विरघळून मऊ जिलेटिन होऊ लागतं. पहिल्यांदाच भाजणाऱ्यानं छातीच्या नादी न लागता तंगड्याच घ्याव्यात, त्या चुका पोटात घालतात.

हेच जिवाणू नळाखाली चिकन खळखळून धुताना सिंक, ओटा आणि शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. धुतल्यानं ते मरत नाहीत, फक्त जागा बदलतात. आपल्या घरांत हे कुणाला पटणं अवघड आहे, त्यामुळे धुवायचंच असेल तर भरलेल्या पातेल्यात हलक्या हातानं बुडवून काढावं आणि मग ओटा साबणानं पुसावा. मुरवलेल्या भांड्यातला उरलेला मसाला शिजत आलेल्या तुकड्यांवर ओतायचा नाही, आणि कच्चं उचललेल्या चिमट्यानं शिजलेलं वाढायचं नाही.

राहिला प्रश्न गावठी कोंबडीचा, कारण कुणीतरी ती घेऊन येतंच. ती ब्रॉयलरपेक्षा कितीतरी जास्त दिवस जगलेली, अंगणभर पळालेली असते. वय वाढतं तसे कोलॅजनच्या धाग्यांमधले आडवे टाके पक्के होत जातात आणि ते सुटायला ओल्या उष्णतेत बराच वेळ जावा लागतो. जाळीवर तेवढा वेळ दिला तर पाणी आधी संपतं आणि हातात चामडं येतं. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांपर्यंत तापतं, तिथे हे टाके लवकर सुटतात. गावठी आली असेल तर ती कुकरला लावून तिचा तांबडा रस्सा करावा, आणि जाळीवर ब्रॉयलरच्या तंगड्या टाकाव्यात.