आय-सेव्हन म्हणजे वेगवानच? आधी पिढी बघा

घरासाठी डेस्कटॉप घ्यायचा म्हटलं की इंटेलच्या प्रोसेसरबद्दल, म्हणजे संगणकाच्या मेंदूबद्दल, कुणीतरी सांगतंच, ‘आय-सेव्हनच घे, आय-थ्री म्हणजे खेळणं!’ हे अर्धसत्य आहे. तो आकडा फक्त त्या-त्या पिढीतली पायरी सांगतो. २०११चा आय-सेव्हन २६०० आणि २०२२चा आय-थ्री १२१००, दोघांनाही चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). तरी धाकटा आय-थ्रीच सरस, कारण प्रोसेसरच्या आतल्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला तो जास्त काम उरकतो.

दुकानात ‘आय-सेव्हन, एकदम स्वस्तात’ ऐकलंत तर पुढचे आकडे वाचा: २६०० दुसरी पिढी, १२१०० बारावी. विंडोज ११ तर, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीच्या आधीच्यांना अधिकृतपणे दारातही उभं करत नाही. वाचलेले पैसे एसएसडीत, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवणुकीत, घाला. जुनी हार्डडिस्क असेल तर कुठलाही प्रोसेसर रांगतोच.