पोर्ट पुढे असला की स्पीकर भिंतीला टेकवता येतो?
लहान खोलीसाठी पुढे पोर्ट (बास वाढवण्यासाठी पेटीला ठेवलेलं हवेचं भोक) असलेलेच स्पीकर घ्या, भिंतीला टेकवले तरी बास, म्हणजे खालचे सूर, घुमणार नाही, हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. खालचे सूर पेटीभोवती सगळीकडे पसरतात. पोर्ट कुठेही असो, भिंत बास वाढवतेच. मागच्या पोर्टला हवा खेळण्यापुरती, त्याच्या व्यासाच्या दुप्पट जागा साधारण पुरते.

खरा त्रास खोलीच्या मापाचा. 3 बाय 3 मीटरच्या चौरस खोलीत लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांचा अनुनाद (ठरावीक सुराला खोलीचं घुमणं) 57 हर्ट्झच्या आसपास एकत्र येतो. अशा खोलीत बंद पेटीचा, म्हणजे पोर्ट नसलेला, स्पीकर बरा: सूर खाली जाईल तसा त्याचा बास सावकाश उतरतो, उरलेलं भिंत भरून काढते. पोर्टवालाच असेल तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून ऐका. खुर्ची मात्र मागच्या भिंतीपासून पुढे घ्याच. घुमणं भिंतीलगतच सर्वांत जास्त असतं.