एक इंजिन बंद पडलं म्हणजे विमान कोसळत नाही

मुंबई विमानतळावरून उडालेली बरीच विमानं जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे जातात. ती बघता बघता कुणीतरी हमखास म्हणतं, 'आत्ता एक इंजिन गेलं तर संपलंच. पायलटने क्षणात काही केलं तरच वाचायचं.' दोन्ही गोष्टी चूक आहेत.

दोन इंजिनांच्या प्रवासी जेट विमानाला एका इंजिनावर वर चढता आलंच पाहिजे. त्याशिवाय त्याला मान्यताच मिळत नाही. धावपट्टीवर ठरलेला वेग ओलांडल्यावर इंजिन गेलं, तर पायलट ब्रेक न लावता उड्डाण पुरं करतो. विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळू पाहतं. तो चालू इंजिनाकडचं रडर पेडल (शेपटीवरचं सुकाणू वळवणारं) पायाने दाबून नाक सरळ धरतो. चाकं आत घेतात. मग साधारण ४०० फुटांपर्यंत फक्त विमान सांभाळायचं. त्यानंतर बिघडलेलं इंजिन कुठलं, हे दोघं पायलट मिळून ठरवतात. एक जण त्या इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरवर हात ठेवतो, दुसरा बघून 'बरोबर' म्हणतो, तेव्हाच तो लिव्हर मागे खेचला जातो.

खरी घातक असते ती घाई. १९८९ साली इंग्लंडमध्ये केगवर्थजवळच्या अपघातात पायलटांनी चांगलं इंजिन बंद केलं. ४७ जण गेले. २०१५ मध्ये तैपेईत तीच चूक झाली, ४३ बळी. याउलट २००१ मध्ये एअर ट्रान्झॅटच्या विमानाची इंधन संपून दोन्ही इंजिनं बंद पडली, तरी ते तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं आणि आतले ३०६ जण वाचले. तिथे हाताशी उंची होती. जमिनीलगत दोन्ही इंजिनांची ताकद जाणं हा फार गंभीर आणि वेगळा प्रसंग; एका इंजिनाच्या बिघाडाशी त्याची सरमिसळ करू नये.