ज्युदोमधील श्रेणी व पट्टे

ज्युदो या जपानी क्रीडाप्रकारात खेळाडूची पायरी कमरेच्या पट्ट्याच्या रंगावरून ओळखली जाते. नवशिक्यांच्या श्रेणीस ‘क्यू’ व त्यापुढील श्रेणीस ‘दान’ म्हणतात. क्यूचे आकडे प्रगतीबरोबर उतरतात, दानचे पहिल्यापासून दहाव्यापर्यंत चढतात.

ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो (१८६०–१९३८) यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी मंदिरात कोदोकान ही ज्युदो शिकवणारी संस्था काढली. जुजुत्सू या ज्युदोपूर्वीच्या जपानी युद्धकलेच्या जुन्या घराण्यांत गुरू शिष्याला प्रावीण्याचे परवाने देत. अशा पायऱ्या मोजक्याच असल्याने दोन परवान्यांत बरीच वर्षे लोटत. कानो यांनी त्याऐवजी ‘गो’ या पटावरील खेळातील दान-पद्धती उचलली आणि १८८३ मध्ये शिरो साइगो व त्सुनेजिरो तोमिता यांना पहिले दान दिले. त्यासाठी वेगळा पट्टा तेव्हा नव्हता. काळा पट्टा साधारणतः १८८६ च्या सुमारास आला, असे मानतात. आजचा जाड शिवणीचा अरुंद पट्टा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, नव्या गणवेशाबरोबर रूढ झाला असावा. पांढरा पट्टा न धुता वापरल्याने मळून काळा होई, ही लोकप्रिय कथा या कालक्रमाशी जुळत नाही.

रंगीत पट्ट्यांचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. जपानमध्ये प्रौढांना दानपूर्व काळात पांढरा व तपकिरी हेच रंग पुरत. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा व तपकिरी या क्रमाचे श्रेय सामान्यतः १९३५ च्या सुमारास पॅरिसमध्ये शिकवू लागलेल्या मिकिनोसुके कावाइशी यांना दिले जाते. युरोपीय शिष्याला पुढची पायरी जवळ दिसावी, हा त्यामागचा हेतू सांगतात. तथापि गुंजी कोइझुमी यांनी १९१८ मध्ये लंडनमध्ये स्थापिलेल्या बुडोक्वाई या ज्युदो शिकवणाऱ्या संस्थेत १९२० च्या दशकातच रंगीत पट्टे वापरात असल्याचे दिसते. त्यामुळे कावाइशी यांनी ही पद्धत शोधली नसून तिला स्थिर रूप दिले व तिचा प्रसार केला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पहिल्या ते पाचव्या दानास काळा, सहाव्या ते आठव्यास लाल-पांढरा व त्यापुढे लाल पट्टा असतो. मात्र वरच्या दानधारकांनाही काळा पट्टा बांधता येतो. पट्टा कमरेभोवती दोनदा गुंडाळून चपट्या गाठीने बांधतात.

स्त्रियांच्या काळ्या पट्ट्यावर जपानमध्ये लांबीभर पांढरी रेघ असे. त्यांच्या बढतीलाही मर्यादा होती : कानो यांच्या शिष्या केइको फुकुदा पाचव्या दानावर अनेक वर्षे थांबल्या, कोदोकानने त्यांना नववे दान दिले ते २००६ मध्ये.