स्टॉर्मी वेदर (१९४३)

'स्टॉर्मी वेदर' हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा ब्लॅक अँड व्हाइट म्युझिकल, दिग्दर्शक अँड्र्यू स्टोन, लांबी जेमतेम सव्वा तास आणि महत्त्वाचे सगळे कलाकार कृष्णवर्णीय. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये ही मोठीच गोष्ट होती, कारण एरवी गोऱ्या हिरो-हिरॉइनच्या सिनेमात अशा कलाकारांना एखादा सुटा डान्स द्यायचे, तोही असा की अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, वर्णभेद पाळणाऱ्या राज्यांतल्या थिएटरांत दाखवताना कापला तरी स्टोरीला काही फरक पडू नये.

इथे मात्र स्टोरीच नावाला आहे. पहिल्या महायुद्धावरून परतलेला डान्सर बिल, गायिका सेलिना, त्यांचं जमतं, फिसकटतं, परत जमतं, बस्स. बिल म्हणजे बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सन, जन्म १८७८चा, आणि सेलिना झालेली लेना हॉर्न १९१७ची, म्हणजे हिरो हिरॉइनपेक्षा ३९ वर्षांनी मोठा! प्रेमप्रकरण काही पटत नाही, पण रॉबिन्सन नाचायला लागला की वय विसरायला होतं. बाकीचे टॅपवाले (बुटांनी जमिनीवर ताल वाजवत नाचणारे) बुटाच्या चवड्याखाली आणि टाचेखाली धातूच्या पट्ट्या लावायचे, हा लाकडी तळव्याचे बूट घालायचा, आणि टाच आपटण्यापेक्षा चवड्यावर हलकं नाचायचं ही त्याची खासियत, त्यामुळे प्रत्येक ठोका सुटा आणि स्वच्छ ऐकू येतो, कथकच्या ततकारात येतो ना तसा.

लेनाचं टायटल साँग, त्यातच कॅथरीन डनहॅमच्या ग्रुपचा डान्स, पियानोवर फॅट्स वॉलर (त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला), हे सगळं आहेच. पण लोक हा सिनेमा आज शोधून बघतात ते शेवटाकडच्या 'जंपिन जाइव्ह'साठी. कॅब कॅलोवे गातो आणि फेयार्ड अन् हॅरॉल्ड हे निकोलस बंधू टेलकोट घालून ऑर्केस्ट्राच्या मधूनच उड्या मारत सुटतात, वादक बसलेत तिथेच. मग तो प्रसिद्ध जिना: मोठमोठ्या पायऱ्या, एक भाऊ दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर पाय पूर्ण फाकवून पडतो, हात न टेकवता उठतो, तोवर मागचा त्याच्या डोक्यावरून पुढे, असं करत थेट खालपर्यंत. पहिल्यांदा बघताना आपलेच गुडघे दुखतात. कोरिओग्राफर निक कॅसलने सांगितलं की रिहर्सल नको, सरळ शूट करू, आणि एका टेकमध्ये काम झालं. दोघांनी टॅपचं रीतसर शिक्षण घेतलंच नव्हतं, लहानपणी थिएटरात बसून बघून बघून शिकले. हॉलिवूडचा नावाजलेला डान्सर फ्रेड अॅस्टेअरने हा डान्स आपण पाहिलेल्यात सर्वोत्तम असल्याचं म्हटल्याचं सांगतात.

एवढं करूनही हॉलिवूडने या भावांना स्टार केलं नाही. १९४८ला 'द पायरेट'मध्ये डान्सर-हिरो जीन केलीबरोबर नाचले, तोही डान्स दक्षिणेत काही ठिकाणी कापला गेला. कलाकारांना मिळणारा केनेडी सेंटरचा मानाचा सन्मान मिळाला थेट १९९१ला, आणि 'स्टॉर्मी वेदर' अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करायच्या सिनेमांच्या यादीत, गेला २००१ला, हॅरॉल्ड गेल्यावर एका वर्षाने.