वंशविषयक तत्त्वज्ञान : एका राष्ट्राच्या चौकटीपलीकडे

वंश वास्तव आहे की समाजनिर्मित आणि ही संकल्पना टिकवावी की टाकून द्यावी, यांची चिकित्सा वंशविषयक तत्त्वज्ञान करते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शाखेची मांडणी प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाली. पूर्वजांत एक जरी काळा असला तरी व्यक्ती काळी ठरते, हा तेथील नियम त्यामुळे सर्वसाधारण सिद्धांतातही गृहीत धरला गेला.

संकल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निए याने १६८४ मध्ये शरीरलक्षणांवरून मानवजातीची विभागणी केली, हा आरंभ सामान्यतः सांगितला जातो. तत्त्वज्ञ रॉबर्ट बर्नास्कोनी यांच्या मते संकल्पनेला शास्त्रीय काटेकोरपणा प्रथम जर्मन तत्त्वज्ञ कांटने, १७७५ व त्यानंतरच्या निबंधांत दिला. काही अभ्यासक मात्र त्याहून मागे, स्पेनमधील ‘रक्तशुद्धी’च्या नियमांपर्यंत जातात. टोलेडो येथे १४४९ मध्ये ख्रिस्ती झालेल्या ज्यूंना व त्यांच्या वंशजांना नगराच्या अधिकारपदांपासून दूर ठेवण्यात आले. हा धार्मिक भेद होता, असा आक्षेप घेतला जातो. परंतु बाप्तिस्म्यानेही न धुतला जाणारा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, ही धारणा त्या नियमांत स्पष्ट असल्याने उगम तेथे शोधणारे मत अधिक ग्राह्य वाटते. ते स्वीकारल्यास त्वचेचा रंग हा वंशकल्पनेचा अनिवार्य घटक राहत नाही.

इतर देशांतील वंशव्याख्याही अमेरिकी नियमाहून वेगळ्या दिसतात. कॅरिबियनमधील हैतीच्या १८०५ च्या राज्यघटनेने सर्व हैतीवासीयांना ‘काळे’ हे एकच नाव दिले. नागरिकत्व मिळालेले पोलिश व जर्मनही त्यात आले. येथे ‘काळा’ ही राजकीय ओळख होती, आणि केवळ पूर्वजांवर आधारलेल्या व्याख्येत ती बसत नाही. हैतीचेच विचारवंत आन्तेनोर फिर्मँ यांनी १८८५ मध्ये वंशश्रेष्ठत्वाचे सविस्तर खंडन केले, तरी या शाखेच्या वाचनात त्यांना दीर्घकाळ स्थान नव्हते, ही मोठीच उणीव होय. दक्षिण आफ्रिकेच्या १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने वर्गवारीत बाह्य रूप व सामाजिक मान्यता यांना महत्त्व दिले. ब्राझीलच्या जनगणनेत ‘पार्दो’ हा मिश्र वर्ग स्वतंत्र आहे.

वंशाचे अमेरिकी वर्ग इतरत्र लादले जातात, अशी टीका फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बोर्द्यू व लोइक वाकाँ यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस केली. ब्राझीलमधील कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे स्वतःचे कर्तृत्व तीत झाकोळते, असे प्रत्युत्तर तिला मिळाले. जातीला वंशाच्या चर्चेत आणावे काय, हा वाद संयुक्त राष्ट्रांच्या २००१ च्या वंशवादविरोधी डर्बन परिषदेत गाजला. जातीचा उगम वांशिक असल्याचे मत आंबेडकरांनी त्यापूर्वीच नाकारले होते.