पाण्याआडून बसणारा घाव

लढाऊ विमानाच्या इंजिनाची पाती तपासायला कापसाचा बोळा? अमेरिकेच्या बी-१बी बॉम्बरच्या बाबतीत १९९०च्या दशकात हे खरंच घडत होतं. उडताना खडा किंवा बर्फाचा तुकडा आत खेचला गेला की पंख्याच्या पात्याच्या धारेवर बारीकशी खोच पडायची, तिथून तडा वाढायचा आणि पातं तुटायचं. म्हणून तंत्रज्ञ धारेवरून कापूस फिरवत, कुठे तंतू अडकतो का बघत.

उपाय निघाला लेसर शॉक पीनिंगचा. पीनिंग म्हणजे ठोकणं. धातूवर पोलादी छर्रे मारून पृष्ठभाग कणखर करायची रीत जुनीच. लेसरने ठोकायचं तंत्र ओहायोतल्या बॅटेल संस्थेत १९७०च्या दशकात आकाराला आलं. लेसर म्हटलं की आपल्याला कापणं, जाळणं आठवतं. इथे धातूला चटका बसतच नाही म्हणा ना.

धातूवर काळ्या रंगाचा लेप देतात आणि त्यावरून पाण्याचा पातळ थर वाहता ठेवतात. लेसरचा झोत पाण्यातून आरपार जाऊन रंगावर पडतो, तोही जेमतेम २० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाच कोटीवा भाग. रंगाचा वरचा पापुद्रा तेवढ्यात प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू होतो आणि फुगू पाहतो. पण इतक्या झटपट बाजूला व्हायला पाण्यालाही सवड नसते. ते घट्ट झाकणासारखं वागतं. कोंडलेल्या प्लाझ्माचा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारो पट होतो आणि धातूत आघात-तरंग घुसतो. उष्णता रंग झेलतो, धातूच्या वाट्याला नुसता घाव. मला विचाराल तर यातली खरी करामत पाण्याची. ते नसेल तर तोच झोत असला तडाखा देऊ शकत नाही.

घावाखालचा धातू दबून आडवा पसरू बघतो. भोवतालचा धातू त्याला पसरू देत नाही. मग तो थर कायमचा आवळलेला राहतो. तडा वाढायचा तर त्याच्या कडा ताणून उघडाव्या लागतात, आणि इथे त्या उलट दाबून धरलेल्या. छर्ऱ्यांनी हा थर साधारण पाव मिलिमीटर खोल जातो, लेसरने एक मिलिमीटर किंवा जास्तही. मात्र वरचा थर आवळला की आत कुठेतरी ताण येणारच. पात्याच्या पातळ धारेवर एकाच बाजूने ठोकलं तर ती वाकेल, म्हणून तिथे दोन्हीकडून एकाच क्षणी झोत मारतात.

जपानमध्ये हेच तंत्र अणुभट्टीच्या आतल्या वेल्डच्या जागांवर वापरतात. तिथे पाणी आधीच भरलेलं. रंग द्यायला मात्र आत उतरणार कोण? तेव्हा रंगाशिवायच, कमी ऊर्जेचे झोत दाटीवाटीने, एकावर एक चढवत मारतात.